एलडीपीसी डिकोडरचे हार्डवेअर आटोपशीर कसे करावे

एलडीपीसी (लो-डेन्सिटी पॅरिटी-चेक) हा प्रसारणातील चुका दुरुस्त करणारा कोड आहे; त्याच्या डिकोडरमध्ये बिट आणि पॅरिटी तपासण्या एकमेकांना आपले अंदाज, म्हणजे संदेश, फेऱ्याफेऱ्यांनी पाठवत चुका शोधतात. या डिकोडरचे हार्डवेअर कमी करण्याचे काम हाती आले की बहुतेकांचे लक्ष प्रथम गणिताकडे जाते. अ‍ॅडर किती लागतील, कम्पॅरेटर किती लागतील, गुणाकार टाळता येईल का, असे प्रश्न सुरू होतात. हे प्रश्न रास्तच आहेत; पण सिंथेसिसनंतरचा (वर्णनाचे गेटमध्ये रूपांतर झाल्यानंतरचा) क्षेत्रफळाचा अहवाल उघडला की लक्षात येते की गणित थोड्या जागेत मावले आहे आणि खरी जागा गेली आहे ती संदेश साठवणाऱ्या मेमरीत आणि ते संदेश इकडून तिकडे नेणाऱ्या तारा व मल्टिप्लेक्सरांत. म्हणून डिकोडरमधील कोणत्याही बदलाला मी दोन प्रश्न विचारतो: साठवायचे बिट किती कमी झाले, आणि तारा किती कमी झाल्या? पुढील सगळी मांडणी या दोन प्रश्नांवर उभी आहे.

तारांचा प्रश्न किती गंभीर असतो, हे २००२ साली ब्लँक्सबी आणि हाउलँड यांनी प्रसिद्ध केलेल्या चिपवरून कळते. १०२४ बिटांच्या, १/२ दराच्या (निम्मे बिट माहितीचे असलेल्या) कोडसाठी त्यांनी पॅरिटी मॅट्रिक्समधील, म्हणजे कोणत्या तपासणीत कोणते बिट येतात हे सांगणाऱ्या तक्त्यातील, प्रत्येक नोडला (बिटाला आणि तपासणीला) स्वतंत्र सर्किट दिले आणि सगळे नोड थेट तारांनी जोडले. चिपने सेकंदाला १ गिगाबिटचा वेग गाठला, परंतु ०.१६ मायक्रॉन तंत्रज्ञानात तिने ५२.५ चौरस मिलिमीटर जागा घेतली आणि त्यातली जेमतेम निम्मी जागा प्रत्यक्ष सर्किटांनी भरली होती. उरलेली जागा तारा ओढता याव्यात म्हणून मोकळी सोडावी लागली. गॅलेजर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला हा कोड तीन दशके जवळजवळ विस्मृतीत गेला, त्यामागेही त्या काळच्या हार्डवेअरला तो पेलवणारा नव्हता हे मोठे कारण होते. आज वाय-फाय आणि ५जी या दोन्हींत तो वापरला जातो, कारण मधल्या काळात कोड स्वतःच हार्डवेअरला सोयीच्या रचनेत बांधले जाऊ लागले.

आधी हिशेब, मग आरटीएल

उदाहरणासाठी ५जी एनआर (५जीचे रेडिओ मानक) च्या डेटा चॅनेलमधील बेस ग्राफ १, म्हणजे पॅरिटी मॅट्रिक्सचा संक्षिप्त आराखडा, घेऊ. त्यात ४६ ओळी, ६८ स्तंभ आणि ३१६ भरलेल्या जागा आहेत. प्रत्येक भरलेल्या जागी झेड × झेड आकाराचा, चक्राकार सरकवलेला एकक मॅट्रिक्स बसतो. झेडची ५१ वेगवेगळी मूल्ये मानकात ठरलेली आहेत आणि सर्वांत मोठे मूल्य ३८४ आहे. म्हणजे सर्वांत मोठ्या कोडमध्ये ३१६ × ३८४ = १,२१,३४४ जोडण्या होतात. प्रत्येक जोडणीवरचा संदेश ६ बिटांचा धरला, तर केवळ चेक नोडकडून (पॅरिटी तपासणीकडून) येणारे संदेश साठवायला ७,२८,०६४ बिट लागतात. याशिवाय ६८ × ३८४ = २६,११२ स्तंभ-मूल्ये (प्रत्येक बिटाचा आतापर्यंतचा एकूण अंदाज), प्रत्येकी ८ बिटांची, म्हणजे आणखी २,०८,८९६ बिट. आरटीएलची, म्हणजे सर्किटाच्या कोडरूपी वर्णनाची, एकही ओळ लिहिण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा, कारण पुढे केलेल्या प्रत्येक काटछाटीचे मोल याच आकड्यांशी ताडून ठरवायचे आहे.

दुसरा हिशेब वेगाचा. प्रत्येक क्लॉकला एक भरलेली जागा, म्हणजे ३८४ संदेश एकदम हाताळले, तर एक फेरी ३१६ क्लॉकची होते. १० फेऱ्यांना ३१६० क्लॉक लागतात आणि तेवढ्या वेळात ८४४८ माहिती-बिट बाहेर पडतात. क्लॉक ५०० मेगाहर्ट्झ असेल आणि पाइपलाइनमधील थांबे तूर्त बाजूला ठेवले, तर सेकंदाला सुमारे १.३ गिगाबिट मिळतात, आणि तेही सर्वांत कमी दराच्या, म्हणजे सर्व ४६ ओळी वापरणाऱ्या कोडवर. दर वाढला की खालच्या ओळी गळतात, फेरी आखूड होते आणि वेग आपोआप वाढतो. गरज याहून कमी असेल, तर समांतर मार्गिका ३८४ ऐवजी ९६ ठेवून गणित आणि शिफ्टर (मूल्ये चक्राकार फिरवणारे सर्किट) चौथाईवर आणता येतात. मात्र तेवढ्याने डिकोडर चौथाईवर येत नाही, कारण मेमरीतील बिट जितके होते तितकेच राहतात. ही गोष्ट अनेकांना प्रकल्प अर्ध्यावर आल्यावर समजते. ती हिशेबाच्या पहिल्याच पानावर दिसायला हवी.

ओळीमागून ओळ

पारंपरिक पद्धतीत एका फेरीत आधी सगळे चेक नोड आणि मग सगळे व्हेरिएबल नोड (बिटांचे नोड) आपापले काम करतात. यासाठी दोन्ही दिशांचे संदेश सांभाळावे लागतात आणि माहिती मॅट्रिक्सभर सावकाश पसरते. त्याऐवजी स्तरित पद्धत घ्यावी. तिच्यात एक ओळ, म्हणजे एक स्तर, पूर्ण केल्यावर त्या ओळीने सुधारलेली स्तंभ-मूल्ये लगेच पुढच्या ओळीच्या हाती येतात. त्याच अचूकतेसाठी लागणाऱ्या फेऱ्या साधारण निम्म्यावर येतात आणि व्हेरिएबल नोडकडून जाणारे संदेश साठवण्याची गरजच उरत नाही. वेग, मेमरी आणि वीज या तिन्हींत एकदम फायदा देणारे निर्णय या कामात फार थोडे असतात, आणि हा त्यांपैकी एक आहे.

एका स्तराचे काम असे चालते. स्तंभ-मूल्य वाचायचे, त्यातून याच ओळीने मागच्या फेरीत दिलेला जुना संदेश वजा करायचा, उरलेल्या मूल्यांवर चेक नोडचे गणित करायचे, निघालेला नवा संदेश त्या उरलेल्या मूल्यात मिळवायचा आणि बेरीज स्तंभ-मूल्य म्हणून परत लिहायची. यात एक लपलेला खर्च आहे. ओळीतील शेवटचे मूल्य येईपर्यंत नवे संदेश ठरत नाहीत, म्हणून वजाबाकीनंतरची मूल्ये तोवर कुठेतरी थांबवून ठेवावी लागतात. बेस ग्राफ १ मधील सर्वांत दाट ओळीत १९ जागा भरलेल्या आहेत, तेव्हा या प्रतीक्षा-रांगेलाच १९ × ३८४ × ८ = ५८,३६८ बिट लागतात. पर्याय असा की रांग न ठेवता स्तंभ-मूल्य दुसऱ्यांदा वाचून वजाबाकी पुन्हा करावी. पण त्यासाठी मेमरीला वाचनाचे आणखी एक पोर्ट द्यावे लागते, शिवाय वाचलेले मूल्य पुन्हा एकदा सरकवावेही लागते. माझा कल रांग ठेवण्याकडे आहे, कारण दुसरे पोर्ट आणि दुसरा शिफ्टर हे बहुधा रांगेपेक्षा महाग पडतात.

चेक नोडचे गणित

मूळ सम-प्रॉडक्ट अल्गोरिदममध्ये चेक नोडला हायपरबोलिक टॅन्जंटचे गुणाकार करावे लागतात. हार्डवेअरमध्ये त्याचा अर्थ प्रत्येक मार्गिकेला लुकअप टेबल. मिन-सम हे त्याचे सोपे रूप आहे, आणि ते एका ओळीवर प्रत्यक्ष करून पाहिले की त्यातील सोय लगेच दिसते. समजा एका चेक नोडकडे सहा मूल्ये आली: +३, −५, +१, +७, −२, +४. चिन्ह त्या बिटाचा कल सांगते आणि मूल्याचा आकार त्या कलाची खात्री सांगतो. चेक नोडने प्रत्येकाला बाकीच्या पाच जणांचे मत कळवायचे असते. ऋण चिन्हे दोन आहेत, म्हणून एकूण चिन्ह धन. सर्वांत लहान आकार १, तो तिसऱ्या जागी. त्यानंतरचा लहान आकार २. तेव्हा तिसऱ्याला सोडून सर्वांना १ आणि तिसऱ्याला २ असे उत्तर जाते, आणि प्रत्येक उत्तराचे चिन्ह म्हणजे एकूण चिन्ह गुणिले त्याचे स्वतःचे चिन्ह. उत्तरे होतात +१, −१, +२, +१, −१, +१. सहा येवोत की एकोणीस, ओळीतून निघणाऱ्या संदेशांचे आकार दोनच असतात. ही बाब लक्षात ठेवावी. मेमरीतील सर्वांत मोठी बचत तिच्यातूनच येणार आहे.

मिन-सम खात्री थोडी फुगवून सांगते, म्हणून तसेच वापरल्यास काही दशांश डेसिबलचे नुकसान होते, म्हणजे तीच अचूकता मिळायला सिग्नल तेवढा अधिक बलवान लागतो. उत्तराला ०.७५ सारख्या गुणकाने गुणले किंवा त्यातून एक लहान स्थिरांक वजा केला, की बहुतांश नुकसान भरून निघते. ०.७५ निवडण्याचे कारण असे की तो गुणाकार केवळ उजवीकडे सरकवणे आणि एक बेरीज-वजाबाकी एवढ्यावर भागतो. परंतु इथे सावध राहावे. अर्धा आणि पाव यांची बेरीज करणारे सर्किट आणि पूर्णातून पाव वजा करणारे सर्किट ही दोन्ही कागदावर ०.७५ च असली, तरी लहान पूर्णांकांवर ती वेगळी वागतात. पहिल्यात १, २, ३, ४ यांचे अनुक्रमे ०, १, १, ३ होते. दुसऱ्यात १, २, ३, ३ होते. पहिले सर्किट कमकुवत संदेश पुसूनच टाकते, तर दुसरे त्यांना हातही लावत नाही. एकच जास्तीचा अ‍ॅडर असलेल्या या दोन पर्यायांत त्रुटी-दराचा फरक दिसू शकतो, म्हणून सिम्युलेशनमध्ये अपूर्णांकातील ०.७५ न वापरता जे सर्किट बसवायचे तेच हुबेहूब लिहावे.

शोधनिबंधांत दुसरे लघुतम मूल्य न शोधता ते पहिल्यावरून अंदाजाने काढण्याची युक्ती वारंवार भेटते. सर्व जागा एकाच क्लॉकमध्ये हाताळणाऱ्या रचनेत कम्पॅरेटरचे मोठे झाड असते आणि तिथे ही युक्ती खरोखर जागा वाचवते. आपण पाहत असलेल्या, एका क्लॉकला एक जागा हाताळणाऱ्या रचनेत मात्र प्रत्येक मार्गिकेला दोनच कम्पॅरेटर लागतात. त्यातला एक वाचवण्यासाठी डेसिबलमधील नुकसान पत्करणे मला पटत नाही. दुसऱ्याच्या रचनेतील टक्केवारी आपल्या रचनेला जशीच्या तशी लावू नये, हे या एका उदाहरणावरूनही स्पष्ट व्हावे.

संदेश साठवण्याची रीत

ओळीतून निघणारे आकार दोनच असतील, तर एकोणीस संदेश वेगवेगळे साठवायचे कशासाठी? लघुतम आकार, त्यानंतरचा आकार, लघुतमाची जागा आणि प्रत्येकाचे चिन्ह एवढे पुरते. ६ बिटांच्या संदेशात एक बिट चिन्हाचा आणि पाच आकाराचे, तेव्हा १९ जागांच्या ओळीला ५ + ५ + ५ + १९ = ३४ बिट लागतात; सुटे संदेश साठवले असते तर ११४ लागले असते. पण हाच हिशेब तीनच जागा भरलेल्या ओळीवर केला, तर जागेला २ बिट धरूनही १८ ऐवजी १५ बिट निघतात, म्हणजे बचत नाममात्र. बेस ग्राफ १ मध्ये वरच्या चार ओळी दाट आहेत आणि बाकीच्या बऱ्याच विरळ. सर्व ४६ ओळींना जागेसाठी सरसकट ५ बिट दिले, तर एकूण (४६ × १५ + ३१६) × ३८४ = ३,८६,३०४ बिट होतात. ७,२८,०६४ वरून इथपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ टक्के बचत, आणि तीही त्रुटी-दरात कणभर फरक न पडता.

आता या आकड्यासमोर शब्दलांबीचा प्रश्न ठेवून पाहावा. संदेश ६ ऐवजी ५ बिटांचे केले, तर सुट्या साठवणीत १,२१,३४४ बिट वाचले असते. संक्षिप्त साठवणीत मात्र प्रत्येक ओळीमागे दोनच बिट कमी होतात, म्हणजे ४६ × ३८४ × २ = ३५,३२८ बिट, जेमतेम ९ टक्के. साठवणीची रीत आधी बदलली की शब्दलांबी कापण्यातला नफा आटतो, आणि त्यापायी सोसायचा डेसिबलचा तोटा तेवढाच राहतो. म्हणून आधी साठवणीची रीत ठरवावी आणि मग शब्दलांबीकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास अचूकता आधीच खर्ची पडलेली असते आणि ती परत मिळवायला कोणी मागे फिरत नाही.

मेमरीच्या आकाराकडेही पाहावे लागते. एका ओळीची संक्षिप्त माहिती एकदम वाचायची तर मेमरी ४६ शब्द खोल आणि चिन्हे वगळताही ५७६० बिट रुंद होते. इतकी उथळ आणि रुंद मेमरी एसरॅम मॅक्रोंनी बांधली, तर बिट साठवणाऱ्या भागापेक्षा भोवतालच्या वाचन-लेखनाच्या सर्किटांनाच अधिक जागा लागते. अशा वेळी लॅचवर आधारित मेमरी हा विचार करण्याजोगा पर्याय ठरतो. एफपीजीएवर (हवी तशी पुन्हा जोडता येणाऱ्या चिपवर) हाच भाग लुकअप टेबलांतील वितरित मेमरीत चांगला बसतो. ब्लॉक रॅम त्यावर खर्च करू नये, कारण तिची खोली वाया जाते.

शब्दलांबी आणि संपृक्तता

चॅनेलकडून येणारे एलएलआर (बिट ० की १ याच्या शक्यतांचे लॉग-गुणोत्तर) ५ ते ६ बिटांचे, संदेश ६ बिटांचे आणि स्तंभ-मूल्ये ८ बिटांची, ही सुरुवातीला धरण्याजोगी लांबी आहे. स्तंभ-मूल्यांना अधिक बिट का लागतात, तर त्यांत चॅनेलचे मूल्य आणि सर्व ओळींचे संदेश यांची बेरीज असते, आणि ती बेरीज कमाल मर्यादेला अडली की पुढच्या फेरीतील वजाबाकीतून मूळ भाग खरा निघत नाही. स्तंभ-मूल्य एका बिटाने आखूड केल्यास मेमरीत २६,११२ बिट वाचतात आणि शिफ्टरही तेवढ्या प्रमाणात हलका होतो. पण या बिटाला मी शेवटी हात लावतो. चॅनेलच्या एलएलआरची लांबी ठरवताना लक्षात ठेवावे की पुनःप्रेषणासाठी जपून ठेवलेल्या सॉफ्ट मूल्यांच्या बफरमध्येही तीच लांबी मोजावी लागते, आणि तो बफर अनेकदा डिकोडरच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा मोठा असतो. तिथला एक बिट हा डिकोडरमधील एका बिटापेक्षा महाग असतो.

मिन-समचा आणखी एक फायदा असा की सर्व एलएलआर एकाच धन संख्येने गुणले तरी निर्णय बदलत नाहीत. म्हणून गोंगाटाच्या विचरणाने भागण्याचे सर्किट डिकोडरपुरते वगळता येते. मर्यादित बिटांत मात्र मूल्ये पायऱ्यांत कशी विखुरतात याला महत्त्व राहतेच, तेव्हा क्वांटायझरची पायरी सिम्युलेशनने ठरवावी आणि सिग्नलची पातळी त्या पायरीशी जुळवून घ्यावी.

या टप्प्यावरची एक चूक माझ्या हातून घडलेली आहे. ६ बिटांच्या टू'ज कॉम्प्लिमेंट (ऋण संख्या लिहिण्याची नेहमीची द्विमान पद्धत) संख्येत −३२ ते +३१ बसतात, आणि मी संपृक्ततेची (मूल्य कमाल टोकाला अडवण्याची) मर्यादा तशीच ठेवली होती. चिन्ह काढून आकार घेताना −३२ चा आकार ३२ होतो, तो पाच बिटांत मावत नाही आणि उरते शून्य. म्हणजे ज्या बिटाबद्दल सर्वाधिक खात्री होती, तोच बिट चेक नोडला सर्वाधिक संशयित वाटू लागला. खराब सिग्नलवर इतकी मोठी मूल्ये क्वचितच येत असल्याने काही जाणवले नाही. सिग्नल जसजसा सुधारत गेला, तसतसा त्रुटी-दर खाली उतरण्याऐवजी एका पातळीवर अडून राहिला. मी कितीतरी दिवस कोडच्या रचनेतच दोष शोधत होतो. मर्यादा −३१ ते +३१ अशी सममित ठेवल्याबरोबर तो अडथळा नाहीसा झाला. त्यामुळे संपृक्तता नेहमी सममित ठेवावी, आणि सिम्युलेशनमध्ये ही टोकाची मूल्ये मुद्दाम भरून तपासावीत.

शिफ्टर

चक्राकार सरकवलेल्या मॅट्रिक्समुळे तारांचे जंजाळ संपते आणि त्याच्या जागी एक शिफ्टर येतो. ३८४ मूल्ये, प्रत्येकी ८ बिट, कोणत्याही अंतराने फिरवायची तर दोनच्या घातांनी सरकवणारे ९ टप्पे लागतात, म्हणजे ९ × ३८४ × ८ = २७,६४८ दोनास-एक मल्टिप्लेक्सर. एवढ्यावर भागले असते, पण झेडची ५१ मूल्ये आहेत आणि झेड लहान असताना फिरणे ३८४ वर वळण न घेता त्या झेडवर घ्यावे लागते. रुळलेला उपाय असा की एका शिफ्टरने डावीकडे, दुसऱ्याने उजवीकडे सरकवून दोन्ही निकाल योग्य ठिकाणी सांधावेत. खर्च जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून आपल्या रचनेत असे शिफ्टर किती आहेत हे मोजणे महत्त्वाचे ठरते.

सरळ विचार केला तर दोन लागतात: चेक नोडकडे जाताना सरकवणारा आणि परत येताना मूळ जागी आणणारा. दुसरा पूर्णपणे काढून टाकता येतो. स्तंभ-मूल्ये सरकलेल्या अवस्थेतच मेमरीत लिहावीत, त्या स्तंभाचे सध्याचे सरकणे एका छोट्या रजिस्टरमध्ये नोंदवावे आणि पुढच्या ओळीला ती लागतील तेव्हा नव्या आणि नोंदवलेल्या सरकण्यातील फरकानेच फिरवावीत. नोंदीला ६८ स्तंभांचे प्रत्येकी ९ बिट, म्हणजे ६१२ बिट लागतात. त्यांच्या मोबदल्यात हजारो मल्टिप्लेक्सर आणि पाइपलाइनचे एक-दोन टप्पे जातात. शेवटी उत्तर बाहेर काढताना प्रत्येक स्तंभ त्याच शिफ्टरमधून एकदा मूळ जागी आणावा. फरक काढताना वजाबाकी ऋण आली तर त्यात झेड मिळवायचा, हे विसरू नये.

ओळींचा क्रम

ओळी कोणत्या क्रमाने हाताळायच्या, हे बदलायला एकही गेट लागत नाही. केवळ नियंत्रणाच्या कोष्टकातील नोंदी बदलतात. तरीही या क्रमाचे दोन ठळक परिणाम होतात.

पहिला परिणाम पाइपलाइनवर. एका ओळीने सुधारलेला स्तंभ अजून लिहिला गेलेला नाही आणि पुढची ओळ तोच स्तंभ मागते आहे, असे झाले की थांबावे लागते. लागोपाठच्या ओळींत सामाईक स्तंभ कमीत कमी येतील असा क्रम संगणकाने शोधून काढावा. बेस ग्राफ १ च्या खालच्या भागातील लगतच्या बऱ्याच ओळींत, पहिले दोन स्तंभ सोडले, तर सामाईक स्तंभ येतच नाहीत. कोड रचणाऱ्यांनी हार्डवेअरचा विचार करूनच हे साधलेले आहे. पहिले दोन स्तंभ मात्र बहुतेक ओळींत असतात. त्यांच्यासाठी ओळीच्या आतील क्रम वापरावा: ज्या स्तंभाचा संघर्ष होणार आहे, तो आधीच्या ओळीत सर्वांत आधी लिहावा आणि पुढच्या ओळीत सर्वांत शेवटी वाचावा.

दुसरा परिणाम पहिल्याच फेरीवर होतो, आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. ५जीमध्ये पहिल्या दोन स्तंभांचे बिट प्रसारितच होत नाहीत, म्हणून त्यांची एलएलआर शून्याने सुरू होतात. ज्या ओळीत हे दोन्ही स्तंभ आहेत, तिच्यातील दोन्ही लघुतम आकार शून्य येतात आणि त्या ओळीतून कोणालाच काही कळत नाही. ते क्लॉक वाया जातात. वरच्या चार दाट ओळींपैकी फक्त दुसऱ्या ओळीत दुसरा स्तंभ नाही. तिच्यापासून सुरुवात केली की पहिल्या स्तंभाला लगेच मूल्य मिळते, त्यानंतरची ओळ दुसऱ्या स्तंभाला मूल्य देते आणि पहिली फेरी सत्कारणी लागते. एका ओळीचा क्रम बदलून मिळणारी ही सुधारणा आहे. फेऱ्यांची कमाल संख्या मर्यादित असते तेव्हा ती त्रुटी-दरात दिसून येते.

वेळेवर थांबणे

ठरलेल्या सर्व फेऱ्या दर वेळी करण्याची गरज नसते. चांगल्या सिग्नलवर उत्तर दोन-चार फेऱ्यांतच स्थिरावते. संपूर्ण फेरीभर प्रत्येक ओळीची पॅरिटी जुळली आणि कोणत्याही स्तंभाचे चिन्ह बदलले नाही, तर थांबावे. ही तपासणी स्तरित पद्धतीत चालता चालता होते, वेगळे सिंड्रोम (पॅरिटी तपासण्याचे) सर्किट लागत नाही. त्यावर सीआरसी, म्हणजे चूक ओळखणारे तपासणी-बिट, असतेच, त्यामुळे चुकीच्या उत्तरावर थांबल्यास ते पकडले जाते. याने क्षेत्रफळ कमी होत नाही, वीज कमी होते. पण आवकेला थोडा बफर असेल, तर सरासरी फेऱ्यांवर क्लॉकचा वेग ठरवता येतो आणि मग समांतर मार्गिकाही कमी पुरतात.

चुका दुरुस्त करणाऱ्या इतर कोडांच्या डिकोडरांना, म्हणजे नियंत्रण चॅनेलच्या पोलर डिकोडरला आणि जुन्या व्हिटर्बी डिकोडरला, बिट आणि तारांचे हेच दोन प्रश्न लागू पडतात. व्हिटर्बीत ६४ अवस्था असल्या, तरी १/२ दराला शाखा-मूल्ये चारच निघतात. ती एकदाच काढून सर्वांना वाटावीत, आणि पथ-मूल्ये दर वेळी वजाबाकीने खाली आणण्याऐवजी टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये पलटू द्यावीत, कारण त्यांच्यातील फरक मर्यादित असतो आणि तुलनेला तेवढाच लागतो. पोलरच्या लिस्ट डिकोडरमध्ये एका पथाचे दोन झाले की संपूर्ण मेमरीची नक्कल न करता फक्त पॉइंटर बदलावेत.

ताडून पाहणे

वरील प्रत्येक बदल करताना बिट-बिट जुळणारे मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये आधी तयार असावे आणि आरटीएलची प्रत्येक मधली मेमरी त्याच्याशी ताडलेली असावी. केवळ अंतिम उत्तर जुळणे पुरेसे नाही, कारण चुका दुरुस्त करणे हेच या सर्किटाचे काम असल्याने ते स्वतःतील दोषही काही काळ झाकून ठेवते.

त्रुटी-दर मोजताना प्रत्येक बिंदूवर निदान १०० चुकीच्या फ्रेम गोळा होईपर्यंत थांबावे. तेव्हा कुठे मोजमापातील अनिश्चितता १० टक्क्यांच्या आसपास येते. हजारात एक या दराला त्यासाठी १ लाख फ्रेम लागतात, दहा लाखांत एक या दराला १० कोटी. नंतरचे काम सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचे होत जाते, म्हणून डिकोडर, गोंगाट निर्माण करणारे सर्किट आणि चुकांचा मोजक असे तिन्ही एफपीजीएवर एकत्र बसवावेत. किती खोल जायचे हे वापरावरून ठरते. ५जीत चॅनेलच्या गुणवत्तेचा नेहमीचा अहवाल ०.१ ब्लॉक त्रुटी-दर धरून दिला जातो, तर अतिविश्वासार्ह सेवेसाठी ०.००००१ धरणारे वेगळे कोष्टक आहे. पहिल्या कामासाठी चालून जाणारी ५ बिटांची रचना दुसऱ्या कामात अडून बसू शकते, म्हणून शब्दलांबी गोठवण्यापूर्वी मोजमाप त्या वापराच्या दरापर्यंत नेऊन, अडलेल्या फ्रेम जपून ठेवून त्यांतील स्तंभ-मूल्ये फेरीगणिक छापून पाहावीत. मूल्ये कमाल मर्यादेला चिकटून राहिली असतील तर दोष शब्दलांबीत असतो. मूठभर स्तंभ फेरीगणिक त्याच त्या चिन्हांमध्ये फिरत असतील तर तो कोडच्या आलेखात अडकलेला संच असतो, आणि त्यावर आणखी बिट खर्च करण्यात अर्थ नसतो.